फुलीचा भोपळा

आमच्या घरात भोपळा कापायला पुरुष लागायचा. फोडी करणं, साल काढणं, किसणं, शिजवणं, हे सगळं आईच करायची. पण अख्ख्या भोपळ्याला पहिला सुरा बाईमाणसाने लावायचा नाही, हा तिच्या माहेरचा नियम. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं. बाबा घरी असताना असा काही नियम आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आई हाक मारायची, बाबा टीव्हीवरची नजर न काढता यायचे, भोपळ्याला एक चीर द्यायचे आणि परत जाऊन बसायचे. दोन सेकंदांचं काम. मग बाबा आजीच्या आजारपणासाठी कराडला गेले, पाठोपाठ महामारीमुळे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या, आणि वेरिबी नावाच्या उपनगरातल्या भाड्याच्या घरात आई, मी आणि ओट्यावरचा एक न कापलेला भोपळा एवढेच उरलो.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. नवव्या वर्षी इथे आले, त्यामुळे मराठी वाचता यायचं आणि चारचौघांत बोलायची लाज वाटायची. आई सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरायच्या पहाटेच्या शिफ्टला जायची आणि अकराच्या सुमाराला परतायची. तोवर मी ऑनलाइन वर्गात, म्हणजे कॅमेरा बंद करून गादीवर. घरात आवाज मोजकेच: फ्रिजची घरघर, शिक्षकांचा तुटक आवाज, अकरा वाजता गॅरेजचं दार, मग कुकरच्या शिट्ट्या. रोज संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल. त्यांचं तिकीट दोनदा निघालं आणि दोनदा रद्द झालं. आई त्या दिवसांत देवभोळी झाली होती असं मी म्हणणार नाही, पण ती कुठलाच जुना नियम मोडायला तयार नव्हती. "बाबा येईपर्यंत या घरात काही वेडंवाकडं नको," एवढंच ती म्हणायची. त्यात शनिवारी नखं न कापणं आलं, आणि भोपळाही आला.

तो ओट्यावरचा भोपळा चार दिवस तसाच राहिला. पाचव्या दिवशी आईने प्लास्टिकचं स्टूल मागच्या अंगणात नेलं, कुंपणाला लावलं, त्यावर चढली आणि हाक मारली. कुंपणापलीकडे साल राहायचा. पूर्ण नाव साल्वातोरे, इटलीहून तरुणपणी आलेला, वय पंचाहत्तरच्या पुढे. आमची एस्टेट, म्हणजे नव्या घरांची वसाहत, जिथे उभी होती तिथे पूर्वी त्याची कोबी-फ्लॉवरची शेती होती. शेती गेली, पण जुनं घर, एक शेड आणि मागचा वाफा त्याने ठेवला होता. बायको वारलेली, मुलगी सिडनीला, आणि राज्याराज्यांमधल्या सीमाही बंद, म्हणजे त्या वर्षी जवळजवळ परदेशातच. आईला त्याच्या नावाची मोठी गंमत वाटायची. "भोपळे लावतो आणि नाव काय, तर साल," ती म्हणायची. ती त्याला सालकाका म्हणे. त्याला वाटे, काका हे त्याचं भारतीय आडनाव आहे, आणि ते त्याला पसंत होतं.

"प्लीज कट," आई भोपळा आणि सुरा दोन्ही कुंपणावर ठेवून म्हणाली. "ओन्ली वन कट. बाकी आय डू."

मी खाली उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याचं ते वय. सालने विचारलं, सुऱ्याला धार नाही का. मग विचारलं, हात दुखतो का. शेवटी मला पुढे होऊन इंग्रजीत सांगावं लागलं, की आमच्याकडे भोपळा पहिल्यांदा पुरुष कापतो, इट्स अ कल्चरल थिंग, सॉरी. त्याने टोपी मागे सारली, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "ओके, बॉस." मग आमच्याकडे करतात तशी नुसती चीर न देता त्याने भोपळ्याच्या डोक्यावर फुली मारली, आडवी आणि उभी. त्यांच्याकडे पावाचा गोळा भट्टीत घालण्याआधी त्यावर अशी फुली मारतात, असं त्याने सांगितलं. आई खूश झाली. चीर म्हणजे नुसतीच चीर, फुली म्हणजे काहीतरी आशीर्वादासारखं झालं, असा तिचा हिशेब.

तिथून ते सुरू झालं. कुंपणालगतच्या सालच्या शेडच्या उतरत्या पत्र्यावर ओळीने भोपळे ठेवलेले असत. राखी-निळ्या रंगाचे, खोल पन्हळींचे, दगडासारख्या सालीचे. इथे जुनी माणसं भोपळे असेच पत्र्यावर उन्हात ठेवतात, मग ते थंडीभर टिकतात. दर दोन-तीन आठवड्यांनी तो एक उतरवायचा, फुली मारायचा आणि कुंपणावरून आईला द्यायचा. आतून तो भोपळा हळदीच्या गोळ्यासारखा पिवळाजर्द आणि घट्ट असायचा, पाणी नावाला नाही. आई त्याचे घारगे करायची. किसलेला भोपळा गुळात शिजवला की घरभर जो वास सुटतो त्याला मी अजून दुसऱ्या कुठल्या वासाशी जुळवू शकलेले नाही. बिया ती धुऊन, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजायची. आईच्या हातून स्वयंपाकघरात काही वाया जायचं नाही आणि स्वयंपाकघरात ती कुणाला काही विचारायचीही नाही. काय शिजणार, काय भाजणार, काय टाकणार, हे ती ठरवायची आणि ते ताटात दिसायचं. निम्मे घारगे एका ताटलीत कुंपणावरून पलीकडे जायचे. ताटली परत यायची तेव्हा तिच्यात मोठ्या हिरव्या शेंगा असायच्या, त्यांना आई पावटाच म्हणायची, किंवा लिंबं. नवरात्रात घटासाठी माती हवी म्हणून आई पुन्हा स्टुलावर चढली, तेव्हा सालने वाफ्यातली काळी माती चाळून बादलीभर दिली. घरात टोपलीत धान्य पेरायचं आणि नऊ दिवस ते उगवताना बघायचं, ही आमची रीत त्याला एकदम पटली. त्याने मला विचारलंदेखील, किती आलं, पिवळं आलं की हिरवं.

एकदा ताटली परत आणायला मी गेले, तेव्हा पत्र्यावर तीनच भोपळे उरले होते. त्यातला एक इतरांपेक्षा मोठा आणि बसका होता, आणि त्याच्या कुशीवर फुली होती. सुऱ्याची ताजी फुली नाही. ती भोपळ्याबरोबर वाढलेली होती, तपकिरी, खपली धरल्यासारखी. सालने मला सांगितलं, की फळ मुठीएवढं असतानाच तो खिळ्याने ही खूण करतो. "दॅट वन, नो," तो म्हणाला. "नो ईट. दॅट वन इज मामा." मामा म्हणजे त्याच्या भाषेत आई. नोव्हेंबरात घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी येते, त्या दिवशी तो ती मामा फोडणार, तिच्या बिया काढणार आणि लावणार. दरवर्षी एक भोपळा असा ठेवायचा. बिया मूळच्या बायकोच्या गावच्या. तिच्या आईने लग्नात दिलेल्या. दुकानातलं पाकीट त्याने आजवर आणलं नव्हतं. तो हे बोलत होता तेव्हा मी एका हातात फोन धरून उभी होते. त्याने सांगितलेलं मी नीट ऐकलं नव्हतं, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. मी ऐकलं होतं.

ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात वसंत असतो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. बाहेर प्लमची झाडं फुललेली, गवत गुडघ्याला लागलेलं, आणि वर्गाच्या स्क्रीनवर तांबडी-पिवळी गळलेली पानं, बुजगावणी, नारिंगी भोपळे. पानगळीचा सण भर वसंतात करायचा, तोही घराबाहेर पडायची बंदी असताना, यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. आज, वीसेक वर्षांनी, माझ्या स्वतःच्या मुलीने खिडकीला कागदी पानं चिकटवली की मी तिला बाहेरचं झाड दाखवते. ती म्हणते, "मम, इट्स जस्ट अ वाइब." मी तेव्हा त्या वाइबसाठी काय केलं ते तिला ठाऊक नाही.

त्या वर्षी हॅलोवीनला घरोघरी जाऊन चॉकलेट मागायचं नाही, असं ठरलं होतं. त्याऐवजी एस्टेटच्या ग्रुपवर कुणीतरी सुचवलं, की ज्यांना भाग घ्यायचा त्यांनी पुढच्या खिडकीत कोरलेला भोपळा ठेवावा. मुलं आईबापांबरोबर फिरायला निघतील तेव्हा रस्त्यावरूनच बघतील आणि मोजतील. एक नकाशा केला होता. भाग घेणाऱ्या घरावर छोटा नारिंगी ठिपका. दर दिवशी ठिपके वाढत होते. टेगन नावाची माझ्या वर्गातली मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. अख्ख्या शाळेत माझ्याशी आपणहून बोलणारी तेवढीच. तिने मेसेज केला, तुमच्या गल्लीत सगळ्या घरांना ठिपका आहे, फक्त एका घराला नाही, ते तुझं आहे का. मी लिहिलं, आमचा भोपळा यायचाय.

मी आईला विचारलं. कोरायचे नारिंगी भोपळे तिच्याच सुपरमार्केटमध्ये दारातच मांडलेले होते, तीच ते मांडत होती.

"त्याला चव काय असते माहितीये का?" आई म्हणाली. "नुसतं पाणी. जो खायचा नाही तो भोपळा घरात कशाला?"

"सगळे आणतात."

"सगळ्यांना आणू दे. तू वाटलं तर चित्र काढून लाव."

मी पुन्हा विचारलं नाही. तिची चूक नव्हती. पहाटे चारला उठून भोपळे रचणाऱ्या बाईला घरी आल्यावर आणखी एक भोपळा बघायचा नसतो. दोन दिवसांनी मी परत विचारायचं ठरवलं, तेव्हा दारातले भोपळे संपले होते. सालच्या पत्र्यावर एक भोपळा उरला होता.

दुपारी एक ते तीन साल झोपायचा. आई शिफ्टवरून येऊन तीही आडवी झाली होती. मी बागेच्या कचऱ्याची चाकांची ग्रीन बिन ओढत कुंपणापाशी नेली, तिच्यावर चढले आणि झाडूच्या दांड्याने भोपळा स्वतःकडे ओढला. तो पत्र्यावरून घासत आला त्याचा आवाज मला अजून येतो. बोचक्यासारखा तो छातीशी धरून उतरले. सहा-सात किलो तरी असेल. मी चोरी करत होते हे मला माहीत होतं, पण मी मनाशी एक योजना आखली होती आणि त्या योजनेमुळे ती चोरी निम्मी वाटत होती. सालला हव्या आहेत बिया. मला हवं आहे टरफल. मी बिया काढून, धुऊन, वाळवून पाकिटात घालीन आणि त्याच्या लेटरबॉक्समध्ये टाकीन. भोपळ्याला नारिंगी पोस्टर कलर दिला की तो ओळखूही येणार नाही. सगळ्यांचं सगळं मिटेल. चौदा वर्षांच्या मुलीच्या मानाने योजना चांगली होती. तिच्यात फक्त आई धरलेली नव्हती.

आई उठली तेव्हा भोपळा ओट्यावर होता.

"हा कुठून?"

"सालकाकांनी दिला. हॅलोवीनला." माझी तयारी होती. "कोरायला दिलाय, पण आतला गर तू घे म्हणाले."

"पहिला सुरा लावलाय का त्याने?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. मी भोपळा फिरवला आणि कुशीवरची ती फुली तिला दाखवली. "हे काय, केलीये ना फुली."

आईने तिच्यावरून अंगठा फिरवला. जरा वेळ फिरवला. मग म्हणाली, "बरं," आणि सुरा काढला.

ती साल इतकी कडक होती की सुरा रुतून बसला. आईने वरून वरवंट्याने ठोकलं, मग मी ठोकलं, तेव्हा कुठे झाकण निघालं. आम्ही दोघी घामाघूम. कितीतरी दिवसांत आम्ही दोघी मिळून असं हसलो नव्हतो. आईने चमच्याने गर खरवडायला घेतला आणि ती थांबेचना. भिंत बोटाएवढी पातळ झाली तरी खरवडत होती. मी डोळे कापले, नाक कापलं, दात कापताना दोन दात तुटले. बिया मोठ्या होत्या, टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. मी त्या चाळणीत धुतल्या, एकूण एक, गर काढून, आणि वर्तमानपत्रावर पसरून खिडकीत ठेवल्या. आई बघत होती. मी एरवी ताटसुद्धा न विसळणारी मुलगी.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गॅरेजचं दार वाजलं. माझा गणिताचा वर्ग चालू होता. आई स्वयंपाकघरात गेली, कढई ठेवल्याचा आवाज आला, ओव्हनचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग तिने हाक मारली.

"मनू, या बिया भाजू का गं?"

माझ्या खोलीपासून ओट्यापर्यंत नऊ-दहा पावलं असतील. उठून जायचं आणि 'नको' म्हणायचं, एवढंच होतं. पण 'नको' म्हटलं की 'का' आलं. आणि 'का' आलं की पत्रा, झाडू, बिन, फुली, सगळं ओळीने आलं असतं, संध्याकाळी बाबांच्या कॉलवर गेलं असतं, आणि आईने मला हाताला धरून स्टुलावर चढवलं असतं. मी कॅमेरा बंद असलेल्या स्क्रीनकडे बघत राहिले. समीकरण सोडवायला पाच मिनिटं दिली होती.

"भाज," मी म्हटलं.

वीस मिनिटं लागतात बिया भाजायला. त्यांतली पहिली काही मिनिटं तरी नुसत्याच तापत असतील. मी वेळ मोजत होते हे मला आठवतं. मग एक बी तडकली, मग दुसरी, मग वास आला. मी समीकरण बरोबर सोडवलं.

दुपारी आईने ताटली भरली. घारगे, आणि मधोमध वाटीत भाजलेल्या बिया. मला म्हणाली, चल. मी म्हटलं, होमवर्क आहे. ती म्हणाली, "चल म्हटलं ना. माझं इंग्लिश त्याला कळत नाही." ती स्टुलावर चढली, मी शेजारच्या फळीच्या फटीतून बघत होते. साल शेडला शिडी लावून उभा होता. वर चढून पत्र्याच्या पलीकडच्या उतारावर बघत होता. मग खाली उतरला, शेंगांच्या वेलांत वाकला, काठीने पाला बाजूला केला. भोपळा गडगडत खाली पडला असेल असं त्याला वाटलं होतं.

"सालकाका," आईने हाक मारली.

तो आला. उलटं क्रेट ठेवून त्यावर चढला, मास्क नाकावर ओढला. आईने ताटली पुढे केली.

"थँक यू फॉर पंपकिन," ती म्हणाली. "व्हेरी स्वीट. अँड थँक यू फॉर कट. फॉर द क्रॉस." तिने हवेत बोटाने फुली काढून दाखवली.

सालने ताटलीकडे बघितलं. मास्क होता, त्यामुळे चेहऱ्याचं मला काही सांगता येणार नाही. त्याने वाटीतून एक बी उचलली, दोन बोटांत उलटी-सुलटी केली. मग फळ्यांवरून खाली माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या नजरेला नजर द्यायला हवी होती, निदान तेवढं. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"येस," तो म्हणाला. "आय कट. नो वरीज."

मग त्याने मास्क खाली केला, ती बी तोंडात टाकली आणि चावली. "गुड," तो म्हणाला. थोड्या वेळाने विचारलं, "ऑल? यू कुक ऑल?"

"ऑल, ऑल," आई म्हणाली. "नथिंग वेस्ट."

त्याने मान हलवली, ताटली घेतली आणि शिडी उचलून शेडमध्ये ठेवली. मी आत येऊन भोपळ्याला नारिंगी रंग दिला. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. फुलीची बाजू आतल्या भिंतीकडे केली आणि तो खिडकीत ठेवला. नकाशावर आमच्या घराला ठिपका आला. टेगनने मेसेज केला, "युअर पंपकिन लुक्स सो लेजिट," म्हणजे अगदी खराखुरा. पुढच्या खिडकीत दुपारचं ऊन थेट यायचं आणि आईने भिंती पातळ करून ठेवल्या होत्या, त्यामुळे दोन दिवसांत त्याला आतून बुरशी लागली आणि तिसऱ्या दिवशी तो बसला. हॅलोवीनच्या संध्याकाळी लहान मुलं मास्क लावून बोटांनी मोजत गल्लीतून जात होती, तेव्हा आमच्या खिडकीत कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखं काहीतरी होतं. एक बारकी मुलगी म्हणाली, हा सगळ्यांत भयानक आहे, आणि तिने दोनदा मोजला. सालही त्याच सुमाराला चक्कर मारायला निघायचा. तो खिडकीसमोर थांबला का, हे मला माहीत नाही, कारण मी पडद्यामागे जमिनीवर बसले होते. दुसऱ्या दिवशी बिनमध्ये टाकण्याआधी मी त्या लगद्यात बोटं घालून शोधलं. एक बी सापडली. चपटी होती, आतून पोकळ.

नोव्हेंबरात शर्यतीच्या सुट्टीला त्याने वाफ्यात तीन ढीग केले, खत घालून, दरवर्षीसारखे. आठ-दहा दिवस ते तसेच होते. मग त्यांत त्याने काकड्या लावल्या.

मी तेव्हाही जाऊ शकले असते. ही गोष्ट जो ऐकेल तो हेच म्हणेल, म्हणून आधीच लिहिते. रोज जाऊ शकले असते. कुंपण तिथेच होतं, स्टूल तिथेच होतं. मी पुढे ज्या नोकऱ्या केल्या त्यांत माणसांच्या चुका शोधणं आणि त्यांच्याकडून कबूल करून घेणं हे माझं काम राहिलं, आणि मी त्यात बरी आहे. लोक कबूल का करत नाहीत याची पहिली दहा कारणं मला पाठ आहेत. मी मात्र त्या काळात फक्त ताटली न्यायचं टाळत राहिले. आई विचारायची नाही. तीच न्यायची.

पुढची पानगळ आली, खरी, एप्रिलातली. सालच्या पत्र्यावर काही नव्हतं. आईने कुंपणावरून विचारलं, काका, यंदा भोपळे नाहीत? "टू ओल्ड," तो म्हणाला. "टायर्ड." बाबा अजून कराडलाच होते. आईने इंडियन दुकानातून एक अख्खा तांबडा भोपळा आणला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टूल बाहेर काढलं. या वेळी तिने मला होमवर्कचं कारण सांगू दिलं नाही. भोपळा कुंपणावर ठेवला, सुरा सालच्या हातात दिला.

सालने सुरा घेतला, धार बघितली, आणि मूठ पुढे करून तो कुंपणावरून माझ्यापुढे धरला.

"शी डू," तो म्हणाला.

"नो, नो," आई हसली. "गर्ल नो. मॅन."

"शी कॅन. स्ट्राँग हँड." त्याच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. "शी नोज हाऊ."

आई हसायची थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती स्टुलावरून खाली उतरली आणि बाजूला झाली. मी वर चढले. सालने भोपळा दोन्ही हातांनी धरून ठेवला, हलू नये म्हणून, आणि मी सुरा लावला. दुकानातला भोपळा मऊ असतो, सुरा सहज आत गेला. आडवी चीर दिली. उभी द्यायला माझा हात उचलला नाही. साल भोपळा सोडून म्हणाला, "गुड," आणि क्रेटवरून खाली उतरला.

घरात आल्यावर आईने फोडी करायला घेतल्या. मी शेजारी नळाखाली हात धूत होते.

"ती फुली वाळलेली होती," ती म्हणाली. "ताज्या सुऱ्याची खूण ओली असते. मला काय कळत नाही?"

मी नळ बंद केला.

"तुझ्या तोंडून काही येईना, म्हणून मी त्याच्यासमोर फुलीचं नाव काढलं. तो म्हणाला, मी केली. मग मी काय बोलणार." तिने एक फोड उलटी केली, साल सोलली. "बियांचं मला माहीत नव्हतं हं. तो त्या लावायला ठेवतो हे मला यंदा कळलं, त्याचा पत्रा रिकामा बघून. भोपळा मागून घेतला नाहीस, एवढंच माहीत होतं." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाजू का म्हणून मी कधी कुणाला विचारते का, मनू? तुला विचारलं होतं."

तिने वर्तमानपत्र काढलं आणि खिडकीत पसरलं. मी त्या भोपळ्याच्या बिया काढल्या, धुतल्या आणि त्यावर मांडल्या. आठवड्याने त्या पाकिटात घालून सालच्या लेटरबॉक्समध्ये टाकल्या. पाकिटावर काही लिहिलं नाही. दुकानातल्या भोपळ्याच्या, कुणाच्याही गावच्या नव्हेत अशा बिया. बाबा आले तेव्हा हिवाळा संपत आला होता, आणि दोन वर्षांनी आम्ही जवळच्या टार्निटला स्वतःच्या घरात राहायला गेलो. त्या बिया त्याने लावल्या की नाही हे मी सांगू शकत नाही. त्या घरात होतो तोवर कपडे वाळत घालायला मी रोज मागच्या अंगणात जायचे, आणि शेडच्या पत्र्याकडे पाठ करून उभी राहायचे.